बंदर, जकात आणि फेसबुक: खारेपाटणच्या ताम्रपटापासून राईनपाड्यापर्यंत

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि थोड्या आडवाटेने सुरू होतो. विषय आहे फेसबुक या कंपनीचा इतिहास, पण सुरुवात माझ्या गावातल्या दोन ताम्रपटांपासून करतो. कारण पुढे कळेल.

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे येताना सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरताच खारेपाटण लागते. आज या गावाचे नाव बातम्यांत येते ते पावसाळ्यात, शुक नदी फुगून बाजारपेठेत पाणी शिरले म्हणजे. पण विजयदुर्गच्या खाडीतून आत येणारी गलबते एके काळी इथवर लागत आणि इथला माल घाटावर जाई. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट याच गावात सापडला. त्यात एका शिवमंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे. द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने मंदिराला मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. आणि काही बंदरांहून येणाऱ्या जहाजांना त्यातून वगळलेही आहे.

दुसरा ताम्रपट शके १०१६ चा, उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अनंतदेवाचा. त्यात जमीन दिलेली नाही, गाव दिलेले नाही. बलिपट्टणच्या एका श्रेष्ठी घराण्यातल्या, राजाच्या मंत्रिपदी असलेल्या दोन भावांना एक सवलत दिली आहे: श्रीस्थानक (ठाणे), शूर्पारक (सोपारा), चेमूली (चौल) इत्यादी बंदरांत त्यांच्या मालावर जकात लागू नये. बलिपट्टण म्हणजेच खारेपाटण, असे काही अभ्यासक मानतात.

या सवलतीचा अर्थ व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. बंदर तेच, माल तोच, पण दोघा भावांच्या मालाला जकात नाही आणि शेजारच्या वाण्याच्या मालाला आहे. पाच वर्षांनी बाजारात कोण उरेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणखी एक दुवा. रट्टराजाचा ताम्रपट पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात. बाळशास्त्री आमच्या शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करून मराठीला पहिले वृत्तपत्र देणारे तेच. एका स्तंभात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी आणि त्या दोन्ही स्तंभांत काय छापले जाते याला जबाबदार एक माणूस: संपादक. ही जबाबदारी नुसती शोभेची नव्हती. ‘केसरी’तल्या लेखांसाठी १९०८ मध्ये सहा वर्षे मंडालेला जावे लागले ते टिळकांना, छापखान्यातल्या यंत्राला नाही.

जकातीची सवलत आणि संपादकाची जबाबदारी, या दोन गोष्टी हाताशी ठेवून आता आपल्या काळात येऊ.

फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या वसतिगृहात सुरू झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात मात्र तेव्हा आणि पुढची पाच-सहा वर्षे बोलबाला होता ऑर्कुटचा. गूगलची ही सेवाही २००४ चीच. इंटरनेट कॅफेत तासाला वीस-पंचवीस रुपये मोजून ‘स्क्रॅप’ लिहिणारी एक पिढी आपल्या आधी होऊन गेली. पुढच्या सगळ्या वादांची रंगीत तालीमही ऑर्कुटवरच झाली. २००७ साली शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुटवर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला पकडले. सुमारे पन्नास दिवस तो येरवड्यात होता. नंतर कळले की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने संगणकाचा चुकीचाच पत्ता पोलिसांना दिला होता. मजकूर लिहिणारा कुणी दुसराच होता.

म्हणजे २००७ सालीच तीन गोष्टी उघड झाल्या होत्या. पडद्यावरच्या मजकुराने रस्त्यावर दगडफेक होऊ शकते. पोलिसांना त्याचा माग नीट काढता येत नाही. आणि ज्या कंपनीच्या जागेवर हे घडते, तिचे कार्यालय कोणत्या खंडात आहे हेही जमावाला माहीत नसते.

फेसबुक वाढले ते दोन निर्णयांनी. सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले आणि त्याच महिन्यात ‘न्यूज फीड’ आले. त्याआधी मित्राचे काय चालले आहे हे पाहायला त्याच्या पानावर जावे लागे. आता सगळ्यांचे सगळे तुमच्यासमोर येऊन पडू लागले. विद्यार्थ्यांनी निषेध केला. गंमत अशी की तो निषेध पसरला तोही न्यूज फीडवरूनच, आणि इतक्या वेगाने की कंपनीला आपले यंत्र चालते याचा पुरावाच मिळाला. मालकांनी दिलगिरी व्यक्त केली, काही खासगी नियंत्रणे दिली आणि फीड ठेवले. पुढच्या दोन दशकांत हाच क्रम इतक्या वेळा आला आहे की मला तो एखाद्या राजवंशाच्या प्रशस्तीसारखा वाटतो: नावे बदलतात, श्लोक तोच. २००९ मध्ये ‘लाइक’चे बटण आले. मे २०१२ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली आणि ऑक्टोबरमध्ये महिन्याला फेसबुक वापरणाऱ्यांची संख्या एक अब्जावर गेल्याचे तिने जाहीर केले.

त्यानंतर दीड महिन्याने पालघर.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरमधल्या एकवीस वर्षांच्या एका तरुणीने या बंदविषयी प्रश्न करणारा मजकूर फेसबुकवर लिहिला आणि तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींना अटक झाली. एका जमावाने पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एका तपशिलाकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या मुलीने एक अक्षरही लिहिले नव्हते. तिने अंगठ्याच्या चित्रावर बोट टेकवले होते. ते बटण कॅलिफोर्नियात ‘हे मला आवडले’ इतकेच सांगायला बनवले होते. पालघरच्या पोलीस ठाण्यात ते गुन्ह्यातला सहभाग ठरले.

देशभर टीका झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला मागे पडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा इथे वापर झाला, त्याला याच घटनेनंतर श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. भारतातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासातला हा मोठा निकाल आहे, आणि त्याची मुळे पालघरमध्ये आहेत हे आपल्याकडे फार कमी जणांना आठवते.

पण सगळेच खटल्याने मिटले नाही. २ जून २०१४ रोजी पुण्यात, हडपसरला, एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारून टाकले. कारण काय, तर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली होती. त्या तरुणाचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. तो नमाज पढून घरी चालला होता आणि दिसायला मुसलमान होता, एवढेच.

यात फेसबुकचा दोष किती? हात जमावाचे होते, हे निर्विवाद आहे, आणि हे न म्हणता सगळे यंत्रावर ढकलणे मला अप्रामाणिक वाटते. दंगली ‘दर्पण’च्याही आधीपासून होतात. फरक इतकाच की आता अफवेला वाट काढून देणारी यंत्रणा कुणाच्या तरी मालकीची आहे आणि त्या वाटेवरच्या वर्दळीतून मालकाला पैसा मिळतो. आणि वृत्तपत्राच्या संपादकावर जो भार असे, तो या मालकावर नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याचे २३० वे कलम, आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम: दोन्हींचा गाभा असा की लोक जे लिहितात त्याला जागा पुरवणारी कंपनी, काही अटी पाळल्यास, जबाबदार नाही. कायद्याच्या भाषेत ती मध्यस्थ आहे. या संरक्षणामागे चांगला हेतू आहे. ते नसते तर पालघरच्या मुलीचा मजकूर कंपनीने पोलिसांच्या आधीच भीतीपोटी पुसून टाकला असता. पण जो मध्यस्थ कुणाचा मजकूर किती जणांपुढे ठेवायचा हे स्वतः ठरवतो, तो नुसता मध्यस्थ उरतो का? बाळशास्त्रींना विचारले असते तर त्यांनी याला संपादनच म्हटले असते, असे मला वाटते.

आता ताम्रपटाची सवलत आठवा, कारण ती परत येते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने भारतात ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सुरू केले. पुढे त्याचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता आणि सेवेच्या भाषांत मराठी. योजना साधी: ठरावीक संकेतस्थळे पाहायला डेटाचे पैसे लागणार नाहीत. त्यांत फेसबुक होतेच. बाकीच्या इंटरनेटला नेहमीचा दर. कोणते संकेतस्थळ आत आणि कोणते बाहेर, याच्या अटी फेसबुक ठरवणार.

हेच ते जकातमाफीचे शासन. फक्त या खेपेला राजाकडून माफी मागणारा आणि बंदर बांधणारा एकच.

विरोध सुरू झाल्यावर कंपनीने मोठी मोहीम काढली. वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती आल्या. फेसबुक उघडले की एक बटण समोर येई. ते दाबले की दूरसंचार नियामकाला, म्हणजे ‘ट्राय’ला, तयार पाठिंबापत्र जाई. २८ डिसेंबर २०१५ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी येतो, नाव गणेश. तो फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज पाहतो, बाजारभाव पाहतो आणि त्याची भरभराट होते. लेखकाचा प्रश्न असा की या गणेशच्या वाटेत कुणी का यावे?

हा गणेश मला वासाहतिक अहवालांतून ओळखीचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कालव्यांच्या, रेल्वेच्या आणि कापसाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या कागदांत तो सतत भेटतो: एक कष्टाळू, कृतज्ञ रयत, जिच्या नावाने मागणी होते पण जिचे स्वतःचे म्हणणे कधी छापले जात नाही. बाजारभाव पाहणाऱ्या गणेशला उद्या दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जास्त भाव दिसला असता आणि ते फुकटच्या यादीत नसते, तर? हा प्रश्न लेखात नाही.

ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी डेटाच्या दरात मजकुरानुसार भेदभाव करण्यावर बंदी घातली आणि भारतात फ्री बेसिक्स संपले. दोनच दिवसांत फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी ट्विटरवर मत मांडले की वसाहतवादविरोधाने भारताचे दशकानुदशके आर्थिक नुकसान केले आहे, मग आताच का थांबावे. ओरड होताच त्यांनी माफी मागितली; झुकरबर्ग यांनीही हे मत आपले नाही असे सांगितले. पण शब्द निसटून गेला होता, आणि दस्तऐवज वाचणाऱ्यांना निसटलेले शब्दच जास्त आवडतात.

आमच्या कोकणात स्वस्त इंटरनेट आले ते सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओमुळे. मी तेव्हा शाळेत होतो. एसटी थांब्यावर, पुलाच्या कठड्यावर, जिथे ‘रेंज’ मिळेल तिथे मुले उभी असायची. आणि एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा घेतला. जकातमाफी मिळाली नाही, तेव्हा बंदरात भागीदारी घेतली.

या दोन तारखांच्या मध्ये राईनपाडा आहे.

फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेण्याचा १९ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला होता. २०१८ पर्यंत भारतात व्हॉट्सॲप वापरणारे वीस कोटींवर गेले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याची अफवा राज्याराज्यांतून फिरत होती. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत मुळात पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. तिच्या शेवटचा खुलासा कुणीतरी कापून टाकला आणि उरले ते मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारे दोघे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. गावाचा आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. पूर्वी हेच लोक आले म्हणजे बायका सुपातून धान्य घेऊन बाहेर येत. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त झाले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथेच जमावाने पाचही जणांना ठार मारले. या प्रकरणात २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

त्या पावसाळ्यात तशीच एक चित्रफीत आमच्या घरापर्यंतही पोहोचली होती. आजीने मला विचारले होते, “पोरां पळवणारे इले म्हणतत, खरा काय रे ह्या?” मी हसून ‘नाही’ म्हणालो आणि विसरून गेलो. राईनपाड्याची बातमी त्यानंतर आली. त्याच दिवसांत गावात नंदीबैलवाला आला असता तर काय झाले असते, याचा विचार मी बऱ्याच उशिरा केला.

केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खडसावले. कंपनीने भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन अफवा कशा ओळखाव्यात हे सांगितले (पुन्हा छापील वृत्तपत्राचाच आधार, ही नोंद घ्या) आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. २० जुलैला जाहीर झाले की भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. आज टोकियोतला किंवा लंडनमधला माणूस एक विनोद पाचांहून अधिक ठिकाणी एकदम पाठवू शकत नाही, त्यामागे राईनपाडा आणि त्या वर्षीच्या तशाच इतर हत्या आहेत.

मर्यादा घालणे इतके सोपे होते, तर ती आधी का नव्हती? याचे उत्तर कंपनीच्या आतल्या कागदांत सापडते. अँड्र्यू बॉस्वर्थ या वरिष्ठ अधिकाऱ्याने जून २०१६ मध्ये लिहिलेले एक टिपण मार्च २०१८ मध्ये बाहेर आले. त्याचा आशय असा: आपण माणसांना जोडतो, त्यातून कुणाचा जीव जाईल, कुणी आपल्या साधनांनी दहशतवादी हल्ला घडवील, तरीही जोडणे चांगलेच आणि वाढीसाठी केलेले सारे समर्थनीय. टिपण वादासाठी लिहिले होते, ते आपले मत नव्हते, असे त्यांनी नंतर सांगितले. झुकरबर्ग यांनीही असहमती नोंदवली. त्याच मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले: ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्यांच्या नकळत एका राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती गेली होती. २०१९ मध्ये अमेरिकेत ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. आणि ज्या ब्रह्मदेशात टिळकांनी संपादकपणाची शिक्षा भोगली, तिथे रोहिंग्यांविरुद्धचा हिंसाचार भडकावण्यासाठी आपल्या जागेचा वापर रोखायला आपण पुरेसे काही केले नाही, हे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले.

२०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचाऱ्याने अंतर्गत कागदपत्रे उघड केली. मला त्यांतला भारतासंबंधीचा भाग सर्वांत बोलका वाटतो. चुकीची माहिती ओळखण्याच्या कामासाठी जगभरात राखलेल्या वेळेच्या तरतुदीतला ८७ टक्के भाग अमेरिकेसाठी होता. आठव्या अनुसूचीतल्या आपल्या २२ भाषांपैकी पाचच भाषा कंपनीच्या यंत्रणेला शिकवल्या गेल्या होत्या. यामागचे गणित जकातीचे आहे. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका-कॅनडातल्या एका वापरकर्त्यामागे सरासरी ६८ डॉलर मिळाले. आशिया-पॅसिफिक विभागात साडेपाच. ज्या जहाजातून सोने कमी, त्या धक्क्यावर पहारेकरीही कमी. मराठीत काय लिहिले जाते हे वाचायला माणूस नेमणे महाग होते. मराठी माणसाला आत घेणे स्वस्त होते.

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी कंपनीने ‘मेटा’ हे नाव घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला: ‘मान्य करा नाहीतर निघा’ असा पर्याय देणे म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर, असे आयोगाचे म्हणणे. कंपनीने अपील केले. २०२३ ची तिची वार्षिक मिळकत सुमारे १३५ अब्ज डॉलर होती. तिच्याशी या दंडाची तुलना तुम्हीच करून पाहा.

मागच्या सुट्टीत आजीच्या मोबाइलवर एक संदेश आला. वर दुहेरी बाणाची खूण होती. “ह्या कसला रे?” म्हणून तिने विचारले. पुष्कळ हातांतून फिरून आलेला आहे, असा त्याचा अर्थ, हे मी तिला सांगितले. या खेपेस राईनपाड्याचेही सांगितले. तिने मोबाइल उलटा ठेवला आणि विचारले, ती पाच माणसे कुणाची होती.

पुढचा धागा चेमूलीचा, म्हणजे चौलचा: अनंतदेवाच्या सवलतीतल्या याच बंदरात अरब प्रवाशांनी काय पाहिले. तोवर ताम्रपटांविषयी प्रश्न असतील तर खाली विचारा.